जादू कोणाच्या डोळ्यांत?

उर्दू शायरीत सुंदर स्त्रीसाठी जे शब्द आहेत, त्यांतले पुष्कळसे फौजदारी खटल्यात शोभावेत असे आहेत. ती कातिल असते, जालिम असते, सितमगर असते. तिच्या भुवया कमान, पापण्या बाण आणि केस म्हणजे जाळे. ती साहिरा, म्हणजे जादूगारीण. ती फितना, म्हणजे शांत वस्तीत उठलेला दंगा. मराठीही यात मागे नाही. भुरळ, मोहिनी, चेटूक हे शब्द आपण किती सहज वापरतो! या सगळ्या शब्दांत एक गोष्ट समान आहे. करणारी ती आहे. पाहणारा पुरुष मात्र बिचारा घायाळ, बीमार, कैदी. त्याने काहीच केलेले नाही. जे काही झाले ते त्याच्यावर झाले.

हे तर अलंकार आहेत, त्यांचे एवढे काय मनावर घ्यायचे, असे कोणी म्हणेल. अलंकार मलाही आवडतात. उर्दू माध्यमाच्या शाळेत ते शिकवणे हाच माझा पेशा आहे. पण शब्द नुसते कागदावर राहत नाहीत. ते घरात येतात, गल्लीत उभे राहतात, पंचायतीत बसून निवाडे करतात. म्हणून या अलंकाराच्या पोटातला नैतिक प्रश्न उघड करून पाहायला हवा. एखाद्याच्या मनात उठलेल्या इच्छेची जबाबदारी कोणाची? ज्याच्या मनात ती उठली त्याची, की जिच्यामुळे उठली असे तो सांगतो तिची?

हा प्रश्न आपल्या मुलुखाला परका नाही. परभणी जिल्हा 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. जिंतूर, पाथरी, मानवत, गंगाखेडच्या मुस्लिम घरांत 'हौ' आणि 'नक्को'ची जी बोली आजही चालते, तिची थोरली बहीण एके काळी गोवळकोंडा आणि विजापूरच्या दरबारांत नांदली. त्या दख्खनी भाषेत मसनव्या लिहिल्या गेल्या. मसनवी म्हणजे दोन-दोन ओळींच्या यमकांत गुंफलेले दीर्घ कथाकाव्य. राजपुत्र, परी, देव, तिलिस्म, समुद्रप्रवास आणि शेवटी धूमधडाक्यात निकाह, असा तिचा थाट असतो.

मुल्ला वजहीची 'कुतुब मुश्तरी' 1609 सालची. तिचा नायक गोवळकोंड्याचा सुलतान मुहम्मद कुली कुतुबशहा. तो मुश्तरीच्या प्रेमात पडतो तो स्वप्नात. जागा होऊन झुरू लागतो, तेव्हा अतारद नावाचा चित्रकार तिचा ठावठिकाणा सांगतो आणि ती बंगालची राजकन्या निघते. गव्वासीची 'सैफुल मुलूक व बदीउल जमाल' 1625 च्या सुमाराची. तिचा राजपुत्र एका वस्त्रावरचे चित्र पाहून वेडा होतो आणि त्या चित्रातल्या परीला शोधत मुलूख पालथे घालतो. तिकडे अवधमध्ये मलिक मुहम्मद जायसीने 1540 मध्ये 'पद्मावत' रचायला घेतले. त्यातल्या रत्नसेनाला तर चित्राचीही गरज पडत नाही. हिरामन नावाचा पोपट पद्मावतीचे वर्णन करतो आणि राजा राज्य सोडून जोगी होतो. पुढे अलाउद्दीनही राघव चेतनच्या तोंडचे वर्णन ऐकूनच तिच्या मागे लागतो, आणि त्याला दिसते तेही आरशातले प्रतिबिंब.

स्वप्न, चित्र, पोपटाचे बोल, आरसा. या चारही ठिकाणी एक गंमत आहे. स्त्री तिथे समोर नाहीच. तिने पदर ढळू दिला नाही, नजर उचलली नाही, हसली नाही, बोलली नाही. गोवळकोंड्यात आपल्यासाठी कोणी झुरतो आहे याची बंगालच्या राजकन्येला खबरही नाही. मग जादू केली कोणी? स्वप्न तर सुलतानाचेच होते. कवीने मात्र ती जादू मुश्तरीच्या नावावर जमा केली.

याचे सर्वांत प्रामाणिक उत्तर एका मसनवीच्या नावातच सापडते. मीर हसनने 1785 मध्ये लिहिलेल्या प्रसिद्ध मसनवीचे नाव आहे 'सिहर-उल-बयान'. सिहर म्हणजे जादू आणि बयान म्हणजे कथन. वर्णनाची जादू! मीर हसनला यातून आपल्या कवित्वाची थोरवी सांगायची होती हे उघड आहे. पण सांगता सांगता तो मोठे सत्य बोलून गेला. जादू वर्णनात असते. ती करतो वर्णन करणारा, आणि तिला वश होतो ऐकणारा. जिचे वर्णन चालले आहे, ती या व्यवहारात पक्षकारही नसते.

ही सवय फक्त आपल्या पूर्वेकडची आहे असेही नाही. इंग्रज कवी जॉन कीट्सने 1819 मध्ये मध्ययुगीन बाजाचे एक छोटे कथाकाव्य लिहिले. त्याचे नाव फ्रेंच आहे, 'ला बेल दाम सां मर्सी', म्हणजे दया नसलेली सुंदरी. एक फिकुटलेला शिलेदार ओसाड माळावर एकटाच भटकतो आहे. परीसारख्या एका स्त्रीने आपल्याला भुलवले, असे तो सांगतो. पण ही सगळी साक्ष त्या एकट्याची आहे. तिची भाषा परकी होती असे तोच म्हणतो, आणि त्या परक्या भाषेत तिने प्रेमाचीच कबुली दिली असेही तोच ठासून सांगतो. न कळणाऱ्या भाषेतला होकार! हे नाव कीट्सने उचलले ते आलाँ शार्तिए या फ्रेंच कवीच्या 1424 सालच्या काव्यावरून. त्या काव्यातली स्त्री तर परी नाही की जादूगारीण नाही. प्रियकर विनवण्या करतो आणि ती त्याला शांतपणे नकार देते. मी स्वतंत्र आहे, डोळे पाहण्यासाठीच असतात, माझ्या पाहण्यातून तू जो अर्थ काढलास त्याचे देणे मी लागत नाही, असा तिचा मुद्दा. एवढ्यावर ती निर्दयी ठरली.

आपल्या गझलेतल्या 'जालिम'चा अर्थही किती तरी वेळा एवढाच असतो. ती नाही म्हणाली. 'एकतर्फी प्रेमातून हल्ला' हे मथळे वर्तमानपत्रात वाचताना मला हा शब्द आठवतो. नकाराला जुलूम म्हणायची सवय एकदा जिभेला लागली की, त्या जुलमाचा बदला घेणे कोणाला तरी न्याय वाटू लागते.

हा काव्यातला संकेत जिवंत बाईच्या अंगाला चिकटला की काय होते, याचे आपल्या महाराष्ट्रातले उदाहरण मस्तानीचे. मस्तानीविषयी मराठी माणसाला पहिल्यांदा काय आठवते? ती इतकी नितळ होती की, विडा खाल्ल्यावर त्याचा लाल रस घशातून उतरताना दिसे. पिढ्यान्‌पिढ्या ही गोष्ट डोळ्यांनी पाहिल्यासारखी सांगितली जाते. पण हेच वर्णन जायसीने पद्मावतीच्या गळ्याचे करून ठेवले आहे, मस्तानीच्या जवळपास 200 वर्षे आधी. म्हणजे कवींच्या पेटीतला एक जुना दागिना आपण एका खऱ्या बाईच्या गळ्यात घातला आणि तीच तिची ओळख ठरवली. ती बुंदेलखंडाच्या छत्रसालाची मुलगी. बाजीराव 1729 मध्ये छत्रसालाच्या मदतीला धावला, त्यानंतर ती पुण्यात आली. तिचा मुलगा समशेर बहादूर 1761 मध्ये पानिपतावर लढला आणि त्या युद्धातल्या जखमांनी गेला. हे सगळे मागे पडले आणि विड्याचा रस पुढे आला.

बाजीराव तिच्या नादी लागला, असे घरच्यांनी मानले. मग शिक्षा कोणाला झाली? बाजीराव मोहिमेवर असताना पेशव्यांच्या घरच्यांनी पुण्यात मस्तानीला कैदेत ठेवले. 1740 च्या एप्रिलमध्ये नर्मदाकाठी रावेरखेडीला बाजीराव वारला आणि पाठोपाठ तीही गेली. पाबळला तिची कबर आहे. भुलला असे ज्याला म्हटले तो घोड्यावर होता. भुलवले असे जिला म्हटले ती कोठडीत होती. अलंकाराचे व्याकरण असे कायद्याचे रूप घेते. वाक्यात ती कर्ता होती, म्हणून गुन्ह्यातही तीच कर्ता ठरली.

इथे कोणी मला धर्माची आठवण देईल. बाईचे कपट फार मोठे असते, असे कुरआनातच आले आहे ना, असा दाखला आपल्याकडे पुरुषमंडळी हटकून देतात. दाखला सूरह यूसुफचा असतो, म्हणून ही सूरह नीट वाचायला हवी. ते वाक्य त्या घरातल्या पुरुषाच्या, बहुतेक भाष्यकारांच्या मते तिच्या नवऱ्याच्या, तोंडी आले आहे. एका प्रसंगी, एका माणसाने काढलेले ते उद्गार आहेत. त्यासाठी आलेला शब्द 'कैद' (काफने लिहायचा, बंदिवासाचा कैद काफने नव्हे, काफ-ए-कलमन सोडून दुसऱ्या, मोठ्या काफने लिहितात) म्हणजे डाव किंवा कारस्थान. हाच शब्द त्याच सूरहच्या सुरुवातीला हजरत याकूब आपल्या मुलांबद्दल वापरतात. तुझे भाऊ तुझ्याविरुद्ध डाव करतील, असे ते लाडक्या यूसुफला बजावतात. भावांनी तर यूसुफना विहिरीत टाकले. तरी 'पुरुषांचे कपट' अशी म्हण आपल्याकडे झाली नाही.

या कथेत एक मोठा धडा आहे. इथे सौंदर्य पुरुषाचे आहे. हजरत यूसुफना पाहून शहरातल्या स्त्रिया भान हरपून हात कापून घेतात. जामीसारख्या फारसी कवीने 1483 मध्ये आणि मग विजापूरच्या हाशमीने दख्खनीत या कथेवर मसनव्या लिहिल्या. पण यूसुफना कोणा कवीने जादूगार म्हटल्याचे, फितना म्हटल्याचे माझ्या वाचनात नाही. त्यांचे रूप म्हणजे खुदाचा नूर. सुंदर पुरुष नूर आणि सुंदर स्त्री फितना, हा भेद कुरआनाने शिकवलेला नाही. तो आपण करून घेतला.

आणि शिक्षा? यूसुफ निर्दोष असल्याच्या खुणा दिसूनही त्यांनाच तुरुंगात टाकले जाते. ज्याच्याकडे पाहिले गेले, तोच कैदेत. कुरआन याला न्याय म्हणत नाही. पुढे बादशहाचे बोलावणे येते तेव्हा यूसुफ लगेच बाहेर पडत नाहीत. आधी त्या प्रकरणाची चौकशी करा, असा निरोप पाठवतात. मग ती स्त्री सर्वांसमोर सांगते की, दोष माझा होता, तो खरा आहे. तिच्या या कबुलीत मला तिची प्रतिष्ठा दिसते. तिने यूसुफच्या रूपाला दोष दिला नाही. आपल्या कृतीची जबाबदारी आपल्याकडे घेतली. सूरह नूरमध्येही नजर खाली ठेवण्याची आज्ञा आधी पुरुषांना आहे, स्त्रियांना त्यानंतरच्या आयतीत. क्रम लहानसा आहे, पण पुरेसा बोलका आहे.

आता आमच्या गल्लीत या. आठवी-नववीच्या वर्गातून दरवर्षी एखादी तरी मुलगी अचानक यायची थांबते. घरी चौकशीला गेले की कारण कळते. येण्याजाण्याच्या वाटेवर एक मुलगा उभा राहतो. कोणी वहीत शेर लिहून टाकलेला असतो. आई ओढणीच्या टोकाने डोळे पुसत म्हणते, "आपा, जमाना खराब है. बच्ची अब घर में इच अच्छी." त्या आईला मी काय दोष देऊ? तिला बदनामीची भीती आहे आणि ती भीती खोटी नाही. पण परतताना दिसते की, मुलगा त्याच कोपऱ्यावर उभा आहे. त्याची शाळा चालू आहे. पाहणारा मोकळा आणि जिला पाहिले ती कैदेत. मस्तानीपासून आमच्या गल्लीपर्यंत हिशेब एकच.

तरी मसनव्या जाळून टाका असे मला मुळीच म्हणायचे नाही. त्या शिकवल्या पाहिजेत, फक्त प्रश्नांसकट. एकदा गुलबकावलीची गोष्ट सांगत होते. 1838 मध्ये दयाशंकर 'नसीम' यांनी ती 'गुलजार-ए-नसीम' या मसनवीत बांधली. एका बादशहाची दृष्टी आपल्या मुलाला, ताजुल मुलूकला, पाहताच जाते. डोळे गेले बापाचे, पण शहराबाहेर काढले मुलाला. हा मुलगा पुढे बापाच्या डोळ्यांसाठी बकावली परीचे फूल आणायला जातो. ती झोपेत असताना फूल चोरतो आणि अंगठीही बदलून घेतो. इथे एका मुलीने विचारले, "आपा, ती उठल्यावर रागावली असेल ना?" वर्ग हसला. पण तिचा प्रश्न अगदी बरोबर होता. बकावली रागावते, पुरुषी वेश घेऊन चोराच्या शोधात निघते. कथेने तिला एवढी जागा दिली आहे. तिला मोहिनी म्हणताना आपण ती विसरतो.

आता याच्या शेजारी मीर हसनची माहरुख परी ठेवा. तीही झोपलेल्या बेनजीरला उचलून नेते, आणि त्याचे मन दुसरीकडे जडले हे कळताच त्याला विहिरीत कोंडते. इथे पाहणारी ती आणि कैदेत तो. माहरुख दोषी आहेच. मात्र तो दोष तिच्या रूपाचा नाही. झोपलेल्या माणसाला पळवण्याचा आणि कोंडण्याचा आहे. मग झोपलेल्या बकावलीच्या महालात शिरणारा ताजुल मुलूक केवळ नायक म्हणून सुटतो कसा? बापासाठी फूल हवे होते हे खरे. अंगठी कोणासाठी हवी होती? मुलांनी असे तोलून पाहावे, एवढेच मला वाटते.

दोन आक्षेप येतात. पहिला सूफी वळणाचा. या कथांतली माशूक हे सत्याचे प्रतीक आहे, इश्क-ए-मजाजीतून इश्क-ए-हकीकीकडे जायची ती पायरी आहे, तिला बाई समजून वाद कशाला? हे मान्य केले तरी एक गोष्ट उरते. प्रतीकाला भूक नसते, राग नसतो, नकार नसतो. ज्या समाजात बाईला कवितेत फक्त प्रतीक म्हणून जागा आहे, तिथे घरात तिचे म्हणणे ऐकायची सवय कशी लागणार?

दुसरा आक्षेप अधिक रोखठोक आहे. काही स्त्रिया रूपाचा वापर करून मुद्दाम भुलवतात, त्यांचे काय? करतात. 'सिहर-उल-बयान'मध्येच वजीराची मुलगी नजमुन्निसा जोगीण होऊन बीन वाजवते, जिन्नांच्या बादशहाच्या मुलाला, फिरोजशाहला, वश करून घेते आणि त्याच्याकरवी बेनजीरची सुटका घडवते. तिची जादू खरी आहे, कारण ती तिची स्वतःची कला आहे, हेतू आहे, धाडस आहे. तिला श्रेय द्या. कोणी फसवण्यासाठी असे केले तर तिला दोष द्या. श्रेय आणि दोष हे कृतीचे असतात, नुसत्या असण्याचे नसतात. डोळे मोठे असणे ही कृती नव्हे. रस्त्यावरून शाळेत जाणे हा डाव नव्हे.

मध्ययुगात बाई बोलतच नव्हती असेही कोणी समजू नये. आपल्याच जिल्ह्यातल्या गंगाखेडची जनाबाई 700 वर्षांपूर्वी बोलली. नामदेवांच्या घरी दळणकांडण करणाऱ्या या बाईने देवाला जात्याशी बसवले, आणि लोकलाजेची पर्वा न करता भर बाजारातून देवाच्या नावाने जायचा निर्धार अभंगात मांडला. तिच्या कवितेत बाईचे शरीर कोणाला भुलवत नाही. ते राबते, थकते आणि देवाशी भांडते. हैदराबादची महलका बाई चंदा (1768–1824) तवायफ होती, म्हणजे जगाने जिला पेशानेच मोहिनी ठरवले अशी. तिने स्वतःचा उर्दू दीवान सिद्ध केला आणि ती पहिल्या साहिब-ए-दीवान कवयित्रींमध्ये गणली जाते. मौला अलीच्या टेकडीच्या पायथ्याशी आईसाठी तिने मकबरा बांधला आणि तिथेच ती दफन आहे. जिच्यावर इतरांनी गझला लिहायच्या, तिने लेखणी स्वतः हातात घेतली. जनाबाई आणि महलका यांच्यात पंथाचे, पेशाचे आणि काळाचे मोठे अंतर आहे. पण दोघींनी आपले बयान आपण केले.

बयान या शब्दाला कोर्टातही अर्थ आहे. तिथे बयान म्हणजे जबानी. शतकानुशतके एकाच बाजूची जबानी नोंदवून आपण निकाल देत आलो. मसनवी वाचताना मुलांनी आणि मुलींनीही एवढे विचारावे की, तिची जबानी कुठे आहे? आणि ज्या मुलीला आपण घरी बसवतो, तिलाही आधी विचारावे. मग कोपऱ्यावर उभ्या असलेल्याकडे जावे आणि त्याला सांगावे की, जादूबिदू काही नाही बाळा, डोळे तुझे आहेत.